बियाण्याची पिशवी जपता, मग दवाखान्याचा कागद का नाही?



या पानावर मी तुमच्याशी नेहमी बियाणे, खत, बोंडअळी आणि पावसाच्या खंडाबद्दल बोलतो. आज विषय निराळा आहे. पण तो तुमच्याच घरातला आहे, आणि तो माझ्या टेबलापर्यंत आला तोही बियाण्याच्या पिशवीतूनच आला.

मागच्या मंगळवारी वरोऱ्याला कचेरीत एक जोडपे आले. वर्धा नदीच्या काठच्या गावचे, पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. बाईच्या खांद्यावर सव्वा वर्षाचे लेकरू होते. एवढे लेकरू एव्हाना भिंत धरून उभे राहते, हातातले ओढते. या लेकराची मान आईच्या खांद्यावर लुळी पडली होती आणि मुठी घट्ट वळलेल्या होत्या. बाईने सोयाबीन बियाण्याची रिकामी पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून कागद काढले. दवाखान्याचे केस पेपर, औषधांच्या पावत्या, सोनोग्राफीचा फोटो.

"साहेब," बाप म्हणाला, "बियाणं नाही उगवलं तं भरपाई कशी मागाची ते तुमी सांगता. आता याची कोनाले मांगावं जी?"

बाई म्हणाली, "दिवसभर कळा होत्या. राती कोनी पाहालेच आलं नाही. झालं तं रडलंच नाही. लय वेळानं रडलं. तिसऱ्या दिवसापासून झटके."

मी कृषी पदवीधर माणूस. डॉक्टर नाही, वकीलही नाही. तरी त्यांना मी बसवून घेतले. या प्रश्नाचे उत्तर मला बरेच दिवसांपासून कुणाला तरी द्यायचे होते. ते मी माझ्या सख्ख्या बहिणीला वेळेवर दिले नाही.

आधी मुळाशी जाऊ. रोपाला पाणी दोन दिवस उशिरा मिळाले तर ते मान टाकते आणि पाणी मिळाल्यावर पुन्हा उभे राहते. मेंदूचे तसे नाही. मेंदूला प्राणवायू मिळणे पूर्ण थांबले तर चार-पाच मिनिटांतच त्याच्या पेशी मरू लागतात आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. बाळंतपण अडून राहिले, नाळ दाबली गेली किंवा जन्मल्यावर बाळाने श्वास घेतला नाही, तर हा घात होऊ शकतो. मोठ्या माणसांनाही तो चुकत नाही. मण्यार चावली की श्वासाचे स्नायू लुळे पडतात. विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, जुन्या विहिरीतला विषारी वायू, शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीत झालेली चूक, या सगळ्यांत माणूस वाचला तरी मेंदू शाबूत राहीलच असे नाही.

आपल्या महाराष्ट्राने या दुखण्याचे सर्वांत करुण रूप मुंबईच्या केईएम रुग्णालयात पाहिले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. ती जगली, पण पुन्हा बोलली नाही की चालली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचा अंत झाला. जवळजवळ ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. हल्लेखोराला शिक्षा झाली सात वर्षांची. गुन्ह्यातील पीडिताला सरकारने भरपाई देण्याच्या योजनेची तरतूद कायद्यात आली ती २००९ च्या दुरुस्तीने. काही मिनिटांचा श्वास आणि ४२ वर्षांची सेवा, हा हिशेब ध्यानात ठेवा. भरपाईचा सगळा कायदा याच हिशेबावर उभा आहे.

आता बहिणीची गोष्ट सांगतो. २००२ सालची. तिचे पहिले बाळंतपण एका खासगी दवाखान्यात झाले. नाव सांगत नाही, कारण आज माझ्याकडे पुरावा नाही. बाळ उशिरा रडले. दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवले. वर्ष झाले तरी ते बसेना. मेहुणे माझ्याकडे आले आणि म्हणाले, काही करता येईल का? घरात शिकलेला मी एकटाच. मी म्हणालो, "दवाखान्याशी भांडून कोणाचे भले झाले आहे? नशिबात होते, लेकराला सांभाळा." हे मी समजूतदारपणा म्हणून बोललो होतो. खरे तर मला कोर्टकचेरीची भीती वाटत होती. कागद माळ्यावरच्या पेटीत गेले आणि तिथे त्यांना वाळवी लागली. आज भाचा विशी ओलांडून गेला आहे. बहीण पन्नाशीला आली. ती त्याला भरवते, त्याचे कपडे बदलते, आणि रात्री दोनदा उठून कूस पालटते. मला एकदाच म्हणाली, "दादा, मी गेल्यावर याला कोण पालटेल?" त्या दिवसानंतर मी हा कायदा वाचू लागलो.

काय वाचले ते सांगतो.

पहिली गोष्ट. पैसे देऊन उपचार घेणारा रुग्ण हा कायद्याने ग्राहक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात तसे ठरवले. बियाण्याच्या बाबतीत हाच हक्क त्याच न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात शेतकऱ्यांना दिला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणजे उगवण झाली नाही म्हणून तुम्ही ज्या ग्राहक आयोगाकडे जाता, त्याच आयोगाकडे दवाखान्याविरुद्धही जाता येते.

मात्र जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, असा सरकारी दवाखाना या कायद्यात बसत नाही. म्हणून तिथे दाद नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये चंद्रिकाबाई खोडवा या बाईची शस्त्रक्रिया करताना पोटात कापडाचा बोळा राहिला आणि ती दगावली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी ती पुन्हा कायम केली आणि डॉक्टर सरकारी असला तरी त्याच्या निष्काळजीपणाची भरपाई राज्याने द्यावी असे बजावले. त्याच वर्षी पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यात, रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवले म्हणून न्यायालयाने सरकारकडून २५,००० रुपये देवविले. तेव्हा सरकारी दवाखान्याबाबत रस्ता आहे तो दिवाणी कोर्टाचा, आणि अगदी उघड प्रकरणात नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा. सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, एवढे विसरू नका.

दुसरी गोष्ट, मेंदूच्या इजेची किंमत कशी लावतात? दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलमध्ये एका तापाच्या लहान मुलाला नर्सने भलतेच इंजेक्शन शिरेतून दिले. आईच्या मांडीवरच मुलाचे हृदय थांबले. मूल जगले, पण मेंदू गेला. राष्ट्रीय आयोगाने मुलाला १२ लाख ५० हजार आणि आईबापांना वेगळे ५ लाख दिले. दवाखान्याचे म्हणणे, आईबाप काही रुग्ण नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले की ज्यांनी उपचार विकत घेतला ते आईबापही ग्राहकच, आणि जन्मभराचे दुःख त्यांच्याही वाट्याला आले आहे.

दुसरा खटला अपघाताचा आहे, पण हिशेब शिकण्यासारखा आहे. हरियाणातील एका बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला २००७ साली वाहनाच्या धडकेत कायमची इजा झाली. न्यायाधिकरणाने ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने पावणेसव्वीस लाख. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ६२ लाख २७ हजार दिले. त्यातला सर्वांत मोठा आकडा औषधांचा नाही, सांभाळणाऱ्या माणसांचा आहे. दोन माणसे, प्रत्येकी महिना ५,००० रुपये, वर्षाचे बारा महिने, आणि वय बघून १८ चा गुणक. झाले २१ लाख ६० हजार. माझी बहीण रात्री दोनदा उठते, त्याला कायद्यात मोल आहे. घरच्या बाईच्या कष्टाला मोल नसते असे आपण समजतो. कोर्ट तसे समजत नाही.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. प्रत्येक वेळी डॉक्टर दोषी नसतो. हातपाय ताठ असलेल्या प्रत्येक बाळाचे कारण बाळंतपणातच असते असेही नाही. बऱ्याच बाळांत ते गर्भातच घडलेले असते, इतरांत ते कधी अपुऱ्या दिवसांमुळे, कधी काविळीने, तर कधी मेंदूज्वराने होते. चांगले बियाणे, चांगली मशागत, तरी पीक जाते, तसेच हे. कोर्ट विचारते ते एवढेच, की साधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती, ती इथे घेतली गेली का? बाळाचे ठोके ठरावीक वेळाने मोजले का? ठोके बिघडल्यावर सिझेरियनचा निर्णय वेळेत झाला का, किंवा मोठ्या दवाखान्यात वेळेत पाठवले का? बाळ रडले नाही तेव्हा पिशवी आणि मास्क लावून श्वास देणारे कोणी हजर होते का?

प्राणवायूचाच एक प्रसिद्ध खटला आहे. लुधियानाच्या रुग्णालयात १९९५ साली दम लागलेल्या रुग्णाला सिलिंडर लावले ते रिकामे निघाले, आणि तो दगावला. डॉक्टरांवर फौजदारी खटला झाला. ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरला गुन्हेगार ठरवायचे तर निष्काळजीपणा फार मोठा आणि उघड असला पाहिजे, आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे. भरपाईसाठी एवढा कडक पुरावा लागत नाही. म्हणून पोलीस ठाण्यात चकरा मारून दमण्यापेक्षा भरपाईची वाट धरणे बहुधा शहाणपणाचे. आणि दवाखान्यात दगडफेक तर मुळीच नको. २०१० च्या राज्याच्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. मागायला गेलो भरपाई आणि देऊन आलो, असे व्हायचे.

आता कामाचे सांगतो. बियाणे उगवले नाही तर तुम्ही काय करता? पिशवी, टॅग आणि पावती जपता, लगेच अर्ज देता, पंचनामा करवता. इथेही तेच करायचे.

केस पेपर मागा, तेही लेखी अर्ज देऊन, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. रुग्णाला कागद नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ सालीच सांगितले आहे. सरकारी दवाखाना असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तिथे मुदत ३० दिवसांची. नुसते डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. बाळंतपणाची पूर्ण नोंद, ठोक्यांचा तक्ता, जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे ॲपगार गुण, बाळाच्या पेटीतल्या दिवसांचे कागद आणि झटक्यांच्या औषधांची नोंद, हे सगळे मागा. हे आजच करा, कारण त्याच नियमांत कागद जपण्याची सक्ती आहे ती फक्त तीन वर्षांची.

मुदत सांभाळा. ग्राहक आयोगात दोन वर्षे. सबळ कारण दिले तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नका. मुंबईच्या एका खटल्यात बाईने १९९३ च्या शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षे पोटदुखी सोसली, तेव्हा आत राहिलेले कापड सापडले. तक्रार २००४ मध्ये केली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. दिवाणी दाव्यात मात्र १९६३ च्या मुदत कायद्याची एक सवलत आहे. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर सुरू होते आणि मतिमंद माणसालाही तशीच सवलत आहे. आईबापांच्या स्वतःच्या दाव्याला ती नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत वकिलांनी मला हेच सांगितले. दावा कदाचित अजूनही लावता येईल, पण दाखवायला कागद कुठे आहेत? मुदत कायदा वाढवून देतो. वाळवीने खाल्लेला कागद कोणी वाढवून देत नाही.

खर्चाला भिऊ नका. दवाखान्याला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, म्हणजे आपल्या चंद्रपूरला चालते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी काही नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, बाळंतपण नागपूरला झाले असले तरी. वकिलाशिवायही बोलता येते, पण अशा खटल्यात वकील घ्याच. तो मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्नाची अट नाही. कोर्ट फीसुद्धा त्यातूनच भरली जाते. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करा. शक्य तर अर्ज आईच्या नावाने करा. कोर्टाच्या पायरीची लाज बाळगू नका. आनंदवन उभे करण्यापूर्वी बाबा आमटे याच वरोऱ्यात वकिली करीत होते.

खटल्याला वर्षे लागतात, लेकरू तोवर थांबत नाही. म्हणून त्याच आठवड्यात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. २०१६ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अपंगत्व दोन्ही आहेत. हे प्रमाणपत्र पुढे कोर्टातही पुरावा म्हणून चालते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याचा कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे असते. आईबापांच्या माघारी कोण, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

माझ्या खात्याचेही सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, सर्पदंश आणि विजेचा धक्का त्यात येतात. अपंगत्वाच्या तक्त्यात मात्र डोळे, हात आणि पाय आहेत. मेंदूचे वेगळे कलम नाही. हातपाय कामातून गेले असतील तर प्रमाणपत्रावर तसे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर अर्ज अडतो.

शेवटी, भरपाईपेक्षा मोठी गोष्ट. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. न रडणाऱ्या बाळाला पिशवी आणि मास्कने श्वास कसा द्यायचा हेही त्यांनी शिकवले. तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. जे गावातल्या बाईला जमते, ते दवाखान्यात जमलेच पाहिजे. म्हणून बाळंतपणाला जाताना आधीच विचारा, बाळ रडले नाही तर श्वास देणारे माणूस रात्री हजर असते का? सिझेरियनची सोय आहे का? नसेल तर गाडी कोणती आणि जायचे कुठे? बैलजोडी घेताना आपण दात मोजतो. मग इथे विचारायला लाज कसली?

त्या जोडप्याला मी त्याच दिवशी कोर्टाच्या आवारात घेऊन गेलो. समितीत अर्ज दिला, केस पेपरसाठी दवाखान्याला लेखी पत्र पाठवले. त्यांच्या हाती अजून नऊ महिने आहेत. निकाल काय लागेल ते मला सांगता येत नाही. दोष डॉक्टरचा निघेल किंवा निघणारही नाही. पण यावेळी कोणी त्यांना "नशीब" म्हणून परत पाठवले नाही.

निघताना बाईने कागद पुन्हा त्याच बियाण्याच्या पिशवीत भरले. मी म्हणालो, "बाई, लोखंडी पेटीत ठेवा, वर कडुलिंबाचा पाला टाका, आणि झेरॉक्सचा एक संच माहेरी ठेवून द्या."

तुमच्या घरात, भावकीत, गावात असे लेकरू असेल तर हे पान कापून त्याच्या आईच्या हाती द्या. एवढे माझे काम करा.